हवामान बदल, मन आणि कला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चित्रकार आहे. हवामान बदलाने अस्वस्थ झालेल्या माणसांच्या बैठका घेते. आम्ही चित्रं काढतो, माती मळतो, कधी नुसतं ऐकतो. समुपदेशन ही माझी विद्या नाही. ती कुठे लागते, ते प्रश्न १९ मध्ये सांगितलं आहे. खालचे प्रश्न लोकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. भाषा थोडी सारखी केली, खोचकपणा तसाच ठेवला.

१. हवामान बदलाचा मनाशी काय संबंध? उकाडा आणि पूर हे तर शरीराचे आणि घरादाराचे प्रश्न ना?

घर वाहून गेलं की झोपही जाते, एवढं तर कुणालाही पटतं. मोठ्या आपत्तीनंतर नैराश्य, धास्ती, पुन्हा पुन्हा तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं, हे सगळं दिसतं. ही मनापर्यंत पोचायची पहिली वाट. दुसरी म्हणजे, नुसता उकाडाही मनावर चालून येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महिन्याचं सरासरी तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं की आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेत ०.७ टक्क्यांनी आणि मेक्सिकोत २.१ टक्क्यांनी वाढतं, असं आढळलं. टक्के लहान दिसतात, माणसं लहान नसतात.

तिसरी वाट सगळ्यांत हळू आणि म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित. ओढा दरवर्षी थोडा लवकर आटतो, ओळखीचा पक्षी या वर्षी आलाच नाही, पेरणी कधी करायची याचा अंदाज आता बापजाद्यांच्या अनुभवावरून बांधता येत नाही. यातलं काहीच बातमीत येत नाही. मनात मात्र साचत जातं.

२. 'इको-अँग्झायटी' हा आजार आहे का? मला झालाय हे कसं ओळखायचं?

आजार म्हणून त्याची वैद्यकीय यादीत नोंद नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१७ च्या अहवालात या चिंतेचं वर्णन 'पर्यावरणाच्या विनाशाची सततची धास्ती' अशा अर्थाने केलं होतं. घराला आग लागलेली दिसल्यावर छाती धडधडली तर त्याला कुणी विकार म्हणत नाही. धोका खरा असेल तर भीती ही शहाणपणाची खूण असते.

तुम्ही एकटे नाही हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांना विचारलं गेलं. ५९ टक्के जणांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असं म्हणणारे ४५ टक्क्यांहून जास्त होते. चिंता आहे म्हणून लगेच दवाखाना गाठायची गरज नाही. ती काम, झोप, भूक बंद पाडू लागली तर मात्र थेट प्रश्न १९ वाचा.

३. सोलास्टॅल्जिया असा एक शब्द कुठेतरी वाचला. ते काय असतं?

ग्लेन अल्ब्रेख्त या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने २००३ च्या सुमारास हा शब्द घडवला. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी आजूबाजूचा मुलूख ओळखू येईनासा करून टाकला होता. तिथले लोक कुठे गेले नव्हते, तरी घराच्या आठवणीने झुरत होते. परगावी गेल्यावर घराची ओढ लागते ती वेगळी. इथे माणूस घरातच आहे आणि घरच त्याला सोडून चाललंय.

मराठीत नेमका शब्द नाही. 'हुरहूर' जवळ येतो, पण हुरहुरीत थोडा गोडवा असतो, तो यात नाही. बैठकीत मी हा परदेशी शब्द सहसा वापरत नाही. 'आपली जागा आपली राहिली नाही' एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं.

४. माणूस तर कुणी गेलेलं नाही. मग याला 'शोक' म्हणणं जरा अतीच नाही का?

अती वाटतं, म्हणूनच लोक तो गिळून टाकतात. अ‍ॅशली कन्सोलो आणि नेव्हिल एलिस या संशोधकांनी २०१८ मध्ये कॅनडातल्या लॅब्राडॉरचे इन्युइट लोक आणि ऑस्ट्रेलियातले गव्हाचे शेतकरी यांच्याबरोबरच्या कामातून या शोकाचे तीन पदर मांडले. एक, जे डोळ्यांदेखत गेलं त्याचा. दुसरा, त्या निसर्गावर उभं असलेलं ज्ञान आणि ओळख हरवल्याचा: कोणत्या महिन्यात कोणत्या बर्फावरून चालता येतं हे ज्याला पाठ होतं, त्याचं पाठांतर आता खोटं ठरतं. तिसरा, जे अजून गेलेलं नाही पण जाणार आहे त्याचा.

आइसलँडमध्ये ओक नावाची हिमनदी होती. तिच्यात हिमनदी म्हणवण्याइतकं काही उरलं नाही, असं २०१४ मध्ये जाहीर झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये लोक डोंगर चढून गेले आणि तिथे स्मृतिफलक बसवला. मजकूर पुढच्या पिढ्यांना उद्देशून आहे आणि खाली त्या वेळचं हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण कोरलं आहे: दशलक्ष भागांत ४१५. एका आकड्याची अशी समाधी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

५. यात कला नेमकं काय करते?

एका बैठकीत साठीच्या पुढचे एक गृहस्थ आले होते. 'आठवणीतली एखादी जागा काढा' एवढंच सांगितलं होतं. बाकीचे कामाला लागले, हे कोऱ्या कागदाकडे बघत बसलेले. अर्ध्या तासाने पाहिलं तर कागदाच्या खालच्या भागात कोळशाने घासघासून केलेला एक काळपट डाग. कडा बोटाने पुसलेल्या, मध्ये खोडरबराने टिपलेले उजेडाचे ठिपके. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "सावली. झाड राहिलंच नाही, ते कशाला काढू?"

लागोपाठ तीन वर्षं पाऊस हुकला आणि ते झाड उभ्याउभ्या वाळलं होतं. घरात ते याबद्दल कुणाशी बोलले नव्हते; झाडासाठी काय रडायचं, असं स्वतःलाच वाटायचं. शेजारी बसलेल्या बाईंनी कागदाकडे बघून विचारलं, "सावली कुठवर यायची?" त्यावर ते वीस मिनिटं बोलले.

कलेचं काम मला त्या वीस मिनिटांत दिसतं. 'तुम्हाला कसं वाटतंय?' असं विचारलं असतं तर 'ठीक आहे' असं उत्तर आलं असतं. चित्र मध्ये असलं की समोरचा तुमच्याकडे बघत नाही, कागदाकडे बघतो. तुम्हीही कागदाबद्दलच बोलता, आणि बोलता बोलता स्वतःबद्दल बोलून जाता. शिवाय हवामान बदल ही गोष्ट माणसाच्या मनात मावत नाही इतकी मोठी आहे. कागद मात्र हातभर असतो. त्यावर एका वेळी एकच सावली मावते, आणि तेवढं दुःख सोसवतं.

कलेने दुःख जातं असं मी म्हणत नाही. ते बाहेर येऊन समोर बसतं आणि त्याला आकार मिळतो, एवढंच. माझ्या अनुभवात तेवढंही बरंच असतं.

६. मला चित्र काढता येत नाही. शाळेपासून हात वळत नाही. मग मी काय करू?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न. २०१६ मध्ये अमेरिकेत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कात्रणं यांतलं हवं ते घेऊन हवं ते करायला दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. जवळपास ७५ टक्के लोकांत ते उतरलं, आणि आधी कला शिकलेले व न शिकलेले यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवा. पण 'हात वळत नाही' ही सबब त्याने बरीच पातळ केली.

खरं सांगायचं तर ज्यांचा हात वळतो त्यांनाच इथे जास्त अडचण येते. ते सुबक चित्र काढून मोकळे होतात आणि मनातलं तसंच राहतं.

७. घरी एकट्याने करता येईल असं काही सांगा.

फ्रीजमधल्या बर्फाच्या साच्यात पाणी भरून प्रत्येक खणात शाईचे तीन-चार थेंब टाका. गोठल्यावर एक खडा जाड कागदाच्या मधोमध ठेवा. हातात पेन्सिल घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि बसा. पाच मिनिटं झाली की ओलाव्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. पुन्हा पाच मिनिटांनी दुसरी रेघ.

पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी जातात. मग कुठूनतरी एक फाटा फुटतो, शाई कागदाच्या धाग्यांतून केसासारखी पुढे सरकते, आणि आपण 'तिकडे नको' असं मनात म्हणत असतो हे ध्यानात येतं. हात पुढे करावासा वाटतो. करू नका. शेवटी कागदावर नकाशातल्या उंचीरेषांसारखी वर्तुळं राहतात. कागद वाळल्यावर त्या रेषांच्या मधल्या जागेत, थांबवता न येणारं काहीतरी बघत असताना काय वाटलं, ते लिहा. चार शब्द पुरे.

हे जड वाटलं तर दुसरं: खिडकीतून दिसणारा आकाशाचा एकच तुकडा महिनाभर रोज त्याच वेळी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर रंगवा. आकार नकोत, फक्त रंग. तिसाव्या दिवशी सगळे शेजारी शेजारी मांडा.

८. चित्रच हवं का? गाणं, विणकाम, लिखाण चालेल का?

विणकामाची तर इथे मोठी परंपराच तयार झाली आहे. एली हायवूड या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ बाईंनी २०१७ मध्ये जागतिक तापमानाचं पांघरूण क्रोशाने विणलं. गार वर्षाला निळा दोरा, उष्ण वर्षाला लाल. रेडिंग विद्यापीठातले त्यांचे सहकारी एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये त्यावरून प्रेरणा घेऊन निळ्या-लाल पट्ट्यांचा तो प्रसिद्ध आलेख केला, ज्यात एक पट्टा म्हणजे एक वर्ष. आधी सुई, मग संगणक. मला हा क्रम फार आवडतो.

सुरांचंही उदाहरण आहे. २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या डॅनिअल क्रॉफर्ड या विद्यार्थ्याने १८८० ते २०१२ पर्यंतचं जागतिक तापमान चेलो या तंतुवाद्यावर वाजवलं, दर वर्षाला एक स्वर. शेवटी स्वर इतके वर चढतात की अंग आक्रसतं. लिखाणाबद्दल पुढच्या उत्तरात आहे.

९. चित्र काढल्यावर मला आधीपेक्षा वाईट वाटलं. माझं काही चुकलं का?

बहुधा नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस १५ मिनिटं आयुष्यातल्या क्लेशाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांची मनःस्थिती खालावली. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्यातल्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. झाकण काढलं की आधी वाफ येते.

पण ती वाफ किती वेळ टिकते ते बघा. संध्याकाळपर्यंत जड वाटणं ठीक. चार दिवस तेच चित्र डोक्यात फिरत असेल, किंवा काढताना श्वास कोंडून हात थरथरला असेल, तर तो विषय एकट्याने पुन्हा उघडू नका. मी बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं राखून ठेवते: साहित्य धुणं, टेबल पुसणं, बाहेर एक फेरी. यात अध्यात्म काही नाही. पाण्यात हात घातला की माणूस खोलीत परत येतो.

१०. याला कलोपचार म्हणायचं का?

नाही. कलोपचार हा प्रशिक्षण घेतलेल्या उपचारकाने करायचा उपचार आहे. एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ मध्ये 'आर्ट थेरपी' हा शब्द रूढ केला; क्षयाच्या रुग्णालयात स्वतः पडून असताना चित्र काढल्याने आलेला अनुभव त्यामागे होता. पुढे त्याचं रीतसर शिक्षण, संघटना, नियम आले. आम्ही जे करतो ते सोबतीने कला करणं आहे. कुणी दोन दिवसांच्या शिबिरानंतर स्वतःला कलोपचारक म्हणवून घेत असेल तर प्रशिक्षण कुठे आणि किती वर्षं घेतलं, हे विचारायला लाजू नका.

११. माझ्या चित्रांत सगळं काळंच येतं. याचा अर्थ काय?

कदाचित काळा खडू हाताशी होता. रंगांवरून मनाचं निदान करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, मीही असले तर माझ्यावरही नको. अर्थ ज्याने काढलं त्याने सांगायचा.

१२. मला दुःख होत नाही, राग येतो. चित्रकलेने राग कसा जाणार?

जावा कशाला? राग येण्यासारखंच घडतंय. फक्त रागाला नाजूक कुंचला देऊ नका. ओली माती आपटायला द्या, जुनी वर्तमानपत्रं फाडून डकवायला द्या, भिंतीएवढा कागद आणि झाडूएवढा ब्रश द्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावर खनिज तेलाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या दोन तरुणींनी सूप फेकलं. काचेमुळे चित्र वाचलं. ते योग्य होतं का, असंही मला विचारतात. मला ते पटलं नाही. पण त्या वयात आपलं कुणी ऐकत नाही असं वाटणं मला चांगलंच आठवतं.

१३. मुलांबरोबर हे कसं करावं? घाबरतील अशी भीती वाटते.

मुलं आधीच ऐकून असतात. आपण गप्प बसलो की त्यांना वाटतं, बोलण्यासारखं नाही म्हणजे फारच भयंकर असणार. पण 'पृथ्वी तापतेय, चित्र काढा' असा विषय देऊ नका. त्यातून रडणारी पृथ्वी, तोंडात थर्मामीटर आणि खाली घोषणा, हे ठरलेलं चित्र निघतं. मोठ्यांना काय हवंय ते मुलांनी ओळखलेलं असतं. स्पर्धा तर मुळीच नको.

त्याऐवजी जवळचं द्या: 'तुला आवडणारी एक जागा', 'तुझ्या ओळखीचा एक किडा', 'पाऊस येतो तेव्हा घरात काय होतं'. मूल बोललं तर ऐका, लगेच 'काही होणार नाही' म्हणू नका. ते खोटं आहे हे त्याला कळतं. 'मलाही काळजी वाटते, आणि पुष्कळ माणसं यावर काम करतायत' हे खरं आहे आणि पेलतं. चित्रानंतर हाताला काम द्या: बी पेरणं, पक्ष्यांसाठी पाणी ठेवणं.

अपवाद लक्षात ठेवा. आपत्तीतून गेलेलं मूल तेच दृश्य तसंच्या तसं आठवडेच्या आठवडे काढत राहिलं, त्यात काहीच बदलत नसेल आणि काढून हलकं वाटण्याऐवजी ते अधिक कावरंबावरं होत असेल, तर ते खेळणं राहिलेलं नाही. बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

१४. आमच्याकडे नुकताच पूर येऊन गेला. लोकांसाठी लगेच चित्रांचं शिबिर घ्यावं का?

लगेच नको. आधी पाणी, निवारा, औषध, हरवलेल्यांचा शोध. घटनेनंतर एका बैठकीत सगळ्यांना बसवून काय झालं ते सविस्तर बोलायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना वापरू नका असं सांगते. तिच्या मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र साधं आहे: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. तोंडाने बोलायला लावणं चुकीचं तर कुंचल्याने बोलायला लावणंही चुकीचंच.

मुलांसाठी एका कोपऱ्यात खडू आणि कागद ठेवलेत तर हरकत नाही, मात्र विषय देऊ नका. शिबिर काही महिन्यांनी घ्या, आणि पुराच्या नावाने घेऊ नका.

१५. मोठ्या कलाकारांनी या विषयावर काय केलंय?

पुष्कळ. मला आठवत राहणारी तीन सांगते. ओलाफुर एलियासन आणि भूवैज्ञानिक मिनिक रोझिंग यांनी ग्रीनलँडच्या खाडीत तुटून तरंगणारा हिमनगांचा बर्फ शहरात आणून ठेवला: २०१४ मध्ये कोपनहेगन, २०१५ मध्ये हवामान परिषदेच्या वेळी पॅरिस, २०१८ मध्ये लंडन. लोक बर्फाला कान लावत होते. जुन्या बर्फात कोंडलेली हवा सुटताना बारीक टचटच आवाज येतो.

माया लिन यांनी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये ४९ वाळलेली सेडारची झाडं उभी केली. खारं पाणी आत शिरल्याने किनाऱ्यालगतची अशी जंगलं उभ्याउभ्या मरतात. भोवती हिरवी बाग आणि मध्ये हे राखाडी सांगाडे. प्रश्न ५ मधल्या सावलीची ही थोरली बहीण म्हणा.

तिसरं जुनं आहे. योजेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात ७,००० झाडं लावायला घेतली, प्रत्येकाशेजारी बेसॉल्टचा एक दगड. शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलं, तेव्हा ते हयात नव्हते. दगड आहे तेवढाच राहतो, झाड त्याच्या वर जातं. हवामान बदल हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला नव्हता, पण निराशेवर याहून चांगलं शिल्प मला सापडलेलं नाही.

१६. अशी प्रदर्शनं पाहून लोक बदलतात का, की हळहळून घरी जातात?

बरेचसे हळहळून घरी जातात. २०१५ च्या पॅरिस परिषदेच्या वेळी भरलेल्या कला महोत्सवातल्या ३७ कलाकृतींवर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया लॉरा सोमर आणि क्रिस्टियन क्लोकनर यांनी गोळा केल्या. गोड स्वप्न दाखवणाऱ्या, भयाण भविष्य दाखवणाऱ्या, पुराणकथेसारख्या, आणि अडचणीबरोबर वाटही सुंदर करून दाखवणाऱ्या, असे चार गट पडले. लोकांना विचारप्रवृत्त करण्यात चौथा गट सरस ठरला, आणि त्यात कलाकृती मोजक्याच होत्या.

म्हणून होरपळलेली धरणी दाखवणारी भिंतच्या भिंत मी उभी करत नाही. आधीच घाबरलेल्याला आणखी घाबरवून तो उठत नाही, पांघरूण ओढून घेतो.

१७. बर्फ जहाजातून आणायचा, तो हवामानासाठी? हे ढोंग नाही का?

प्रश्न रास्त आहे, आणि तो त्या कलाकारांनीही टाळला नाही. पॅरिसच्या खेपेचा हिशेब करवून घेतला गेला: ८० टन बर्फासाठी सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइड, बहुतेक वाहतुकीचा. एवढ्यात पटतं का, ज्याने त्याने ठरवावं. मला एकदा पटलं, तिसऱ्यांदा नाही.

आपल्या टेबलावरचंही बघू. अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे प्लास्टिकच. ब्रश आधी जुन्या कागदावर नीट पुसा, मग धुवा. धुवण नाल्यात ओतण्याऐवजी भांड्यात निवळू द्या आणि खालचा गाळ कचऱ्यात टाका. चमकी नकोच. कोळसा, माती, गोंदात कालवलेले जलरंग आणि रद्दी यांत बहुतेक काम होतं. पण रंगाच्या एका ट्यूबवरून कुणाला अपराधी वाटायला लावू नका. या विषयात अपराधीपणा आधीच उतू जातोय.

१८. पूरग्रस्तांचे फोटो पाहून मी चित्रमालिका केली. प्रदर्शन भरवू का?

चित्र काढणं तुमचं, दुःख त्यांचं. चेहरा ओळखू येत असेल तर परवानगी हवीच, आणि ती ऐन संकटात घेतलेली नसावी. विक्री होणार असेल तर पैसे कुठे जाणार, हे आधी सांगा. त्याहून बरं म्हणजे स्वतःला विचारा: ते फोटो बघताना मला काय झालं? तेच काढा. ती मालिका तुमची होईल. बैठकीतल्या कुणाच्या चित्राचा फोटो काढून टाकणं तर साफ चूक; मी दारातच फोन टोपलीत ठेवायला लावते.

१९. कला पुरे पडत नाही, डॉक्टरांकडे जायला हवं, हे कधी समजायचं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडलेली, कामात लक्ष नाही, माणसं नकोशी, कशातच रस नाही, अचानक छातीत धडधड आणि घुसमट, किंवा झोप यावी म्हणून दारूचा आधार: यातलं काहीही असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. चित्रं बरोबर नेलीत तर चालतं, बोलायला सोपं जातं.

'जगून काय करायचं' हा विचार तुमच्या किंवा कुणा दुसऱ्याच्या मनात आला, तर ही पानं बंद करा. जवळच्या माणसाला आत्ता सांगा, एकटे राहू नका, तुमच्या भागातल्या आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला फोन करा. तिथे कुंचला काही कामाचा नाही.

मदत सगळीकडे सहज मिळत नाही, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ९५ देशांची पाहणी केली, तेव्हा आरोग्य आणि हवामानाच्या राष्ट्रीय आराखड्यात मानसिक आधाराचा समावेश केलेले देश फक्त नऊ होते.

२०. घरचे म्हणतात, चित्र काढून तापमान कमी होणार आहे का?

नाही. त्यांना सांगा, बरोबर बोललात. मग एक कोरा कागद त्यांच्यापुढेही सरकवा. प्रश्न ७ मधला शाईचा बर्फ चांगला. त्याला कला म्हणावं लागत नाही, म्हणून टोमणे मारणारेही बसतात.

२१. एआयकडून चित्र करून घेतलं तर?

प्रदर्शनाच्या जाहिरातीला चालेल. या कामाला नाही, कारण इथे चित्रापेक्षा ते होताना गेलेला अर्धा तास महत्त्वाचा, आणि तो अर्धा तास यंत्र तुमच्या वतीने बसू शकत नाही.

२२. काढलेल्या चित्रांचं काय करायचं? फाडून टाकलं तर चालेल?

चालेल, पण त्याच दिवशी नको. मागे तारीख घालून आठवडाभर कपाटात ठेवा, मग ठरवा. काही जण मातीत पुरतात. कोळशाचं चित्र ठेवायचं असेल तर वर साधा पातळ कागद घाला, नाहीतर ते पुसट होत जातं. सावलीवाल्या गृहस्थांनी तसा कागद घ्यायला नकार दिला होता. पुसली जाईल तेवढी जाऊ दे, म्हणाले, आणि गुंडाळी काखेत मारून निघाले.